मामांचा भूमितीचा पेपर

"समजा कशाला म्हणायचं, बाई? हाय ते सांगा की."

बीजगणिताच्या पहिल्याच दिवशी मामांनी मला हे ऐकवलं, आणि पुढं कित्येक महिने ऐकवत राहिले. मी फळ्यावर लिहायचे, समजा, मुलाचे आजचे वय x वर्षे आहे. मामा बाकावर पुढं सरकायचे, डावा हात गुडघ्यावर दाबायचे आणि विचारायचे, की मुलगा शाळेतलाच असेल तर जनरल रजिस्टरला त्याची जन्मतारीख असणार, मग समजत कशाला बसायचं? पंचवीस वर्षं दहावीला गणित शिकवून माझी जीभ काही गोड राहिलेली नाही. मी म्हणायचे, "रजिस्टर हरवलंय, मामा." ते गंभीरपणे म्हणायचे, "आपल्या शाळंत न्हाई हरवत."

मामा आमच्या शाळेचे शिपाई. त्यांना नाव होतं, दर महिन्याच्या पगारपत्रकावर ते छापून यायचं. पण पुण्यातल्या कुठल्याही मराठी शाळेत जा, शिपाई पुरुष असला तर तो मामा आणि बाई असली तर मावशी. मुलं मामा म्हणतात, शिक्षक म्हणतात, संस्थेचे सत्तरीतले अध्यक्षही मामाच म्हणतात. तुमच्या शाळेतही असतील असे एक मामा, आणि त्यांचं नाव विचारलं तर तुम्ही डोकं खाजवाल. लाजू नका. मलाही पहिली सहा वर्षं ठाऊक नव्हतं.

ते खडकवासल्याच्या अलीकडच्या एका गावातले. गाव कधीच पुण्यात आलं, तिथं आता बारा-बारा मजली इमारती आहेत, पण मामांच्या बोलण्यातला हाय आणि न्हाई काही गेला नाही. आमच्या मराठीच्या बाई त्यांना अधूनमधून सुधारायला जायच्या. मामा सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "व्हय बाई, बरोबर हाय." मग त्या गप्प बसायच्या.

शाळेला तीन मजले. लिफ्ट नाही. सूचनावही वर, खडू वर, पाण्याचा जार वर, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वर आणि परत खाली. मी तिसऱ्या मजल्यावर. जिन्याच्या कठड्यावरून वाकून "मामा, खडू!" अशी मी किती वेळा हाक मारली असेल, ते माझं मला माहीत. मामा आले नाहीत असं एकदाही झालं नाही. हातातलं काम टाकून यायचे. हाक कुणी मारली, कुणाला मारली, असला विचारच नसायचा. हाक आली की निघायचं.

मग गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, वाट्या झिजल्यात, जिने बंद करा. शिपायाला जिने बंद करा सांगणं म्हणजे माशाला पाणी सोड म्हणण्यासारखंच. पण आमच्या ऑफिसातले ज्युनिअर क्लार्क दोन-तीन वर्षांत निवृत्त होणार होते, आणि शिपायाला बढतीनं त्या जागेवर जाता येतं. त्यासाठी मराठी टायपिंग आणि दहावी पास, एवढं हवं. मामांनी टायपिंग आधीच करून टाकलं होतं. वारज्यातल्या एका क्लासात, आपल्या मुलीहून लहान पोरींच्या मध्ये बसून. ते सर्टिफिकेट लॅमिनेट करून त्यांनी कपाटात ठेवलं होतं. दहावीचे बाकीचे विषयही बाहेरून बसून सुटले होते. राहिलं होतं गणित.

हे सगळं त्यांनी मला एका दुपारी उभ्यानं सांगितलं. मी म्हटलं, बसा. बसले नाहीत. म्हणाले, "बाई, मला खुर्चीची हाव न्हाई. दिवसातनं चार तास बसायला मिळावं, एवढंच हाय." मी म्हटलं, उद्यापासून या. सकाळची शाळा सुटली की दुपारची भरेपर्यंत पाऊण तास मिळतो. भूगोलाच्या खोलीत आमची शाळा सुरू झाली. मामा घंटा द्यायचे, दारं लावायचे आणि वही घेऊन यायचे. वहीला खाकी कव्हर, त्यावर स्वतःचं नाव. पूर्ण नाव.

समजाचा प्रश्न काही सुटेना. मी रागावून पाहिलं, लाडीगोडी लावून पाहिली. शेवटी एक दिवस त्यांच्या हातात मुख्याध्यापिकांचं एक बंद पाकीट होतं, शिक्षण खात्याच्या कार्यालयात पोचवायचं. मी विचारलं, आत काय आहे? म्हणाले, मला काय ठाऊक. मी म्हटलं, ठाऊक नसताना नेता ना? तसंच हे x. बंद पाकीट. आत काय आहे ते नंतर कळेल, तोवर इकडून तिकडं न्यायचं. मामांनी हातातलं पाकीट फळ्यावरच्या x शेजारी धरून पाहिलं. मग म्हणाले, "आधी का न्हाई सांगितलं?"

त्यानंतर गाडी भराभर निघाली. "दोन पाकिटं इकडं, एक तिकडं, बाई, तिकडचं इकडं आणतो." बेरजा-वजाबाक्या होऊन 3x = 21 पर्यंत मामा न अडखळता आले आणि पेन खाली ठेवलं. मी म्हटलं, उत्तर? म्हणाले, पाकिटात हाय. मग उघडा की! मामांनी दोन्ही हात मागं घेतले. "पाकीट आपण उघडायचं नसतं, बाई. ज्याचं त्यानं उघडायचं."

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. मग ओरडले. हे पाकीट तुमच्याच नावावर आलंय, उघडा, नाहीतर मार्क जातील. तेव्हा त्यांनी एकवीसला तीननं भागलं, पण हळूच, कुणी बघत नाही ना अशा बेतानं. आणि तरी जुलैच्या परीक्षेत, घाईघाईत, दोन गणितं त्यांनी तशीच न उघडता ठेवून दिली. एकतीस मार्क पडले. पस्तीस लागतात.

त्याआधीचे निकाल सांगते, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. मी शिकवायच्या आधी बावीस. मी शिकवल्यावर सत्तावीस. मग हे एकतीस. शाळेकडचे अंतर्गत मार्क धरून, बरं का. शिपाईकाम करणाऱ्याच्या अंगी लपलेला गणिती असतो वगैरे काही सांगायचा माझा इरादा नाही. मामांना गणित अवघडच जायचं. त्रिकोण ABC चा PQR केला की मामा परक्या गावात उतरल्यासारखे इकडंतिकडं बघायचे. वर्गसमीकरणाचं सूत्र आज पाठ, उद्या कोरी पाटी. मी चिडायचे, डस्टर आपटायचे. ते म्हणायचे, "आपटा बाई, पण सोडू नका."

भूमिती मात्र त्यांना आवडायची. येत नव्हती, पण आवडायची. सिद्धतेत डावीकडे विधान आणि उजवीकडे कंसात कारण लिहायचं असतं, ते त्यांना फार पसंत पडलं होतं. प्रत्येक ओळीला कारण. म्हणाले, "बाई, हितं हेडबाईंनाबी कारण द्यावं लागंल." स्वतःची कंपासपेटी होती, ती रुमालात बांधून आणायचे. वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूतून स्पर्शिका काढायची रचना त्यांनी पुढच्या मार्चपर्यंत निदान पन्नास वेळा काढली. पेन्सिलीची रेघ इतकी हलकी, की मी चष्मा काढून वही डोळ्यांजवळ न्यायचे.

तो मार्च शेवटचा होता. क्लार्क मेअखेर निवृत्त होणार होते, आणि मुख्याध्यापिकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की मामांचं पास झाल्याचं पत्रक हातात आलं तर जागा त्यांचीच, नाहीतर संस्था दुसऱ्या शाखेतून माणूस पाठवील. मामांना हे ठाऊक होतं.

हॉलतिकीट आलं, त्यात केंद्र येरवड्याचं. पुण्यात येरवड्याला गेला म्हटलं की माणूस कुठं गेला ते विचारायची सोय नसते. स्टाफरूममध्ये हशा झाला. खेळाच्या सरांनी विचारलं, किती वर्षांची झाली हो मामा? मामा म्हणाले, "दोन तासांची, सर." त्या दिवशी ते छान हसले होते.

आमची शाळाही केंद्रच, त्यामुळं मार्चमध्ये मामांशिवाय पान हलत नाही. तरी गणिताच्या दोन दिवसांची रजा मुख्याध्यापिकांनी दिली. बीजगणिताचा पेपर देऊन मामा तडक शाळेत आले, प्रश्नपत्रिका माझ्यापुढं ठेवली. मी विचारलं, पाकिटं उघडली? "समदी उघडली." एकेक प्रश्न विचारून मी मार्क मांडले. कंजूष हातानं मांडूनसुद्धा बारा होत होते. शाळेकडचे बारा मिळालेलेच होते. म्हणजे भूमितीत अकरा हवे. मी त्यांना म्हटलं, मामा, अकरा तर तुम्ही झोपेतसुद्धा काढाल. माझ्या जिभेला हाड नाही, दुसरं काय.

भूमितीच्या दिवशी मी दुपारी चहा सांगून ठेवला होता. मामा आले नाहीत. दुसऱ्या दिवशी साडेसहाला नेहमीसारखे आले, दारं उघडली, घंटा दिली. मधल्या सुट्टीत मी त्यांना गाठलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. खाली बघत, शब्दाला शब्द जोडत.

दाराजवळचा तिसरा बाक होता. सोपे प्रश्न झाले होते. समरूप त्रिकोणांची सिद्धता झाली होती, कारणांसकट. मामा वर्तुळ काढून स्पर्शिकेला लागले होते, पाऊण तास हातात होता. पुढच्या एका मुलीनं पुरवणी मागितली. पर्यवेक्षक म्हणून एक तरुण शिक्षिका होती, तिच्याजवळचा गठ्ठा संपला होता. तिनं दारातून डोकं बाहेर काढलं आणि व्हरांड्यात हाक मारली, "मामा, पुरवण्या आणा हो!"

त्या शाळेचे मामा कुठंतरी खाली होते. आमच्या मामांनी कंपास ठेवला, गुडघ्यावर हात दाबून उठले आणि ती टेबलाकडे वळली तोवर तिच्या मागून निघाले. अठ्ठावीस वर्षांची नोकरी होती. एक जिना उतरून त्या परक्या शाळेचं ऑफिस शोधलं, पुरवण्या मागितल्या. ऑफिसातल्या माणसानं पिकलेले केस आणि ती उभं राहायची पद्धत बघितली, गठ्ठा दिला आणि वहीत सही घेतली. मामांनी सही केली. पूर्ण नावाची. जिना चढून वर आले आणि गठ्ठा टेबलावर ठेवला. ती शिक्षिका पोरगी काहीतरी लिहीत होती, मान वर न करता म्हणाली, "ठेवा तिथं, मामा." मामा वळले, तेव्हा त्यांना तिसऱ्या बाकावर स्वतःची उत्तरपत्रिका दिसली.

"तवा ध्यानात आलं, बाई. आज मी पेपर द्यायला आलोय."

बसायला निघाले, तर भरारी पथक दारात. वर्गात कॅमेरा होता, ऑफिसच्या वहीत सही होती. परीक्षार्थी वर्ग सोडून बाहेर गेला, पाच-सात मिनिटं फिरून आला, हातात कोऱ्या पुरवण्या. पथकातल्या माणसांना तरी काय दोष द्यायचा? मी असते तरी तेच लिहिलं असतं. उत्तरपत्रिका काढून घेतली, जबाब घेतला.

मंडळाकडून सुनावणीचं पत्र आलं. मी बरोबर गेले. युनिफॉर्म घालू का, असं मामांनी विचारलं होतं, मी म्हटलं, अजिबात नाही. बसमध्ये मी त्यांना शिकवत होते. सांगा, पर्यवेक्षक बाईंनी मला पाठवलं. तिनं हाक मारली होतीच, वर्गातल्या पोरांनी ऐकली होती, त्यात खोटं काहीच नाही. तिनंच पाठवलं म्हटल्यावर तुमच्यावर काही येत नाही.

मामा खिडकीबाहेर बघत होते. म्हणाले, "तिनं माज्याकडं बघूनबी हाक मारली न्हवती, बाई. नवीन लागलेली हाय. माजं ऐकून तिची नोकरी जाईल."

मी भडकले. म्हटलं, आणि तुमचे गुडघे? बसमधली माणसं बघायला लागली.

आत मला मागच्या खुर्चीवर बसू दिलं. मंडळाचे साहेब सभ्य होते, अहोजाहो करत होते. ती शिक्षिका भिंतीशी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या जबाबात तिनं लिहिलं होतं, की परीक्षार्थी परवानगी न घेता बाहेर गेला. ते खरंच होतं.

"वर्ग सोडून गेलात?"

"गेलो."

"कुणी पाठवलं होतं?"

"कुनी न्हाई."

"मग का गेलात?"

"सवय हाय, साहेब."

साहेबांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी हात जोडले. वर्गात चाळीस पोरांना थरथरायला लावणारी मी, हात जोडून बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि लिहिलं. त्यांच्या हातात नियमाचं पुस्तक होतं, त्यात सवयीला कलम नव्हतं.

बाहेर व्हरांड्यात ती पोरगी मागून धावत आली, "मामा, सॉरी," म्हणाली. मामा म्हणाले, "व्हतं असं, बाई." मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

त्या परीक्षेची संपादणूक, म्हणजे निकालच, रद्द झाली, जुलैच्या परीक्षेला बंदी. जूनमध्ये दुसऱ्या शाखेतून एक तरतरीत मुलगा क्लार्क म्हणून आला. पहिल्याच दिवशी त्यानं ऑफिसातून हाक मारली, "मामा, पाणी."

इथपर्यंत जे झालं ते नशिबाचं म्हणा, नियमाचं म्हणा. पुढचं माझं आहे.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मामा सूचनावही घेऊन माझ्या वर्गात आले. तास सुटला होता. मी सही केली, तरी ते जाईनात. दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, जिन्याचा दम लागला होता. म्हणाले, "बाई, एक विचारू? खरं सांगा. झालो असतो का पास?"

उत्तर माझ्याजवळ होतं. त्यांनी काय काय लिहिलं ते मी मार्चमध्येच त्यांच्याकडून काढून घेतलं होतं आणि रात्रभर चैन पडेना म्हणून मार्क मांडून पाहिले होते. शाळेकडचे बारा, बीजगणिताचे बारा, आणि स्पर्शिका अर्धवट सोडूनसुद्धा भूमितीचे तेरा. सदतीस. तो कागद टेबलाच्या खणात होता, माझ्या हातापासून वीतभर लांब.

मी त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, या माणसाला आता हे कसं सांगू? ज्या जिन्यांसाठी जीव काढला ते जिने जन्माचे राहिले, आणि वर हे सांगायचं, की अहो, तुमच्या हातात आलंच होतं, तुम्ही उठून गेलात? मला वाटलं, नव्हतंच म्हटलं की दुखणं कमी होईल. माणूस किती शहाणा असतो बघा.

"नाही हो मामा," मी म्हटलं. "सात-आठ कमीच पडले असते."

मामांनी मोठा श्वास सोडला. "मंग बरं," म्हणाले. "तोंडचा घास गेला असं तरी न्हाई म्हणायचं." वही काखेत मारली आणि कठड्याला धरून उतरायला लागले. मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ऑफिसातल्या सीनियर क्लार्कबाईंनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. नवऱ्याचं आजारपण होतं. म्हणजे तो मुलगा वर सरकणार आणि पुढच्या जूनला पुन्हा एक जागा. आणि मार्चच्या परीक्षेला मामांना बंदी नव्हती. मी उड्या मारत खाली गेले, माहितीचा कागद हातात घेऊन. म्हटलं, मामा, चला, फॉर्म भरू, अजून चार महिने आहेत.

मामा पाण्याचा जार पुसत होते. पुसतच राहिले. म्हणाले, न्हाई बाई, आता नको.

मी विचारलं, का?

"सात-आठ कमी म्हणाला की तुम्ही. एवढी दोन वर्षं तुम्ही घसा फोडला, समदं चांगलं लिवलं असं मला वाटत व्हतं, तरी सात-आठ कमी. मंग माजं डोकंच न्हाई, बाई. उगा तुमचा येळ घालवायचा."

मी धावत वर गेले, खणातला कागद आणला. त्यांच्यापुढं धरला. म्हटलं, मामा, मी खोटं बोलले होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून बोलले. हे बघा, बारा, बारा, तेरा. सदतीस. तुम्ही पास होत होतात. स्पर्शिका पुरी केली असती तर चाळीस.

मामांनी हात पुसले, कागद घेतला आणि नीट वाचला. वरून खाली, एकेक आकडा. मग माझ्याकडे बघून हसले. आजारी माणूस भेटायला आलेल्याकडे बघून हसतो तसं.

"तुमी लई चांगल्या हाय, बाई," म्हणाले. "पण माज्यासाठी खोटं लिवू नका."

मी संतापले. ओरडले. गणपतीची शपथ घेते म्हटलं. ऑफिसातून तो तरतरीत मुलगा डोकावून बघायला लागला. मामा म्हणाले, शपथ नका घिऊ, बाई, तुमच्या घरात लेकरं हायत. आणि त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हातात परत दिली. तेवढ्यात तास बदलायची वेळ झाली, ते घंटा द्यायला गेले.

मी पुढं पुष्कळ दिवस त्यांच्या मागं लागले. मुख्याध्यापिकांना सांगितलं, त्यांनी बोलावून समजावलं. जितकं जास्त समजावलं तितकी मामांची खात्री होत गेली, की ही सगळी चांगली माणसं आपली समजूत घालताहेत. मी पहिल्यांदा जे बोलले, ते उत्तर त्यांना खरं वाटलं होतं, कारण ते वाईट होतं. मी गणित शिकवते. एवढं साधं गणित मला त्या दिवशी दारात उभ्या माणसाकडे बघून सुटलं नव्हतं.

फॉर्मची मुदत गेली. जागा भरली. मामा आणखी दोन वर्षं जिने चढले. शेवटी शेवटी आडवे चढायचे, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवून मग दुसरी. मी खडू स्वतः आणायला लागले, हाक मारायची सोडली. ते त्यांच्या लक्षात आलं. एकदा विचारलं, "बाई, राग आलाय का माजा?" मी नाही म्हटलं. यापेक्षा जास्त मला काही करता आलं नाही.

मागच्या वर्षी त्यांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, मुलांनी केलेलं भेटकार्ड. मुख्याध्यापिकांनी मामांचं पूर्ण नाव वाचलं, तेव्हा मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मग मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. माईकशी त्यांचं जमेना, त्यांनी तो बाजूला सारला. शाळेबद्दल बोलले, जुन्या हेडसरांबद्दल बोलले, वरच्या मजल्यावरच्या टाकीबद्दल बोलले. मग पहिल्या रांगेत मला शोधून काढलं आणि हात जोडले.

म्हणाले, "या बाईंनी माज्यासाठी लई कष्ट घेतलं. पोरांनो, अशी बाई मिळायला भाग्य लागतं. माजंच डोकं न्हवतं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे बघत होते, म्हणून मीही वाजवल्या.